ग्रीक सॅलड: खरी मजा वाडग्याच्या तळाशी

अथेन्समधे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी ग्रीक सॅलड केलं आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना नेऊन दिलं. नवीन शेजार, रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतंच की बघा, तुमचं काहीतरी आम्हालाही येतं. तर त्या सॅलडमधे लेट्यूसची पानं होती, टोमॅटो-काकडीचे एकसारखे छोटे चौकोनी तुकडे, चीजचेही तसेच तुकडे, डब्यातले काळे कुळकुळीत ऑलिव्ह आणि लिंबू-मध-मोहरीचं ड्रेसिंग, बाटलीत घालून हात दुखेपर्यंत हलवलेलं. आजींनी वाडगा घेतला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, ग्रीक सॅलड. त्या म्हणाल्या, "आ." बस एवढंच. दुसऱ्या दिवशी वाडगा धुऊनपुसून परत आला, आत चार लालबुंद टोमॅटो, आणि हाताने खूण की खाली ये, माझ्या स्वयंपाकघरात.

ग्रीकमधे आजीला याया म्हणतात, त्यामुळे इथून पुढे त्या याया. माझं ग्रीक तेव्हा शून्य आणि त्यांचं इंग्लिश मोजून पन्नास शब्दांचं, पण स्वयंपाकघरात भाषा लागते कुठे. अर्ध्या तासात माझ्या सॅलडमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बाद झाली. त्याला आता बरेच उन्हाळे झाले, दर वेळी कोणीतरी रेसिपी विचारतं आणि दर वेळी मी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करते, म्हणून एकदाचं इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी नाव. इथल्या मेनूकार्डावर 'ग्रीक सॅलड' फक्त इंग्लिश बाजूला असतं, ग्रीक बाजूला लिहिलेलं असतं होरियातिकी. होर्यो म्हणजे गाव, म्हणजे हे झालं गावरान सॅलड. शेतात जे हाताला लागलं ते, टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, चीजचा तुकडा, ऑलिव्ह, वरून तेल. पानं नाहीत. लेट्यूसचं सॅलड ग्रीक लोक खातात, पण ते वेगळं, त्याला मारूलोसालाता म्हणतात, पानं बारीक चिरून त्यात कांद्याची पात आणि शेपू, आणि ते मुख्यतः थंडीतलं. दोन्ही एकत्र करायची काही गरज नाही. पानं नसण्याचं एक साधं कारण मला यायांकडे बसल्यावर कळलं: पानं रस पिऊन टाकतात आणि वर स्वतः मलूल होतात. आणि या सॅलडमधे रस हीच तर कमाई आहे, त्यावर पुढे येते.

बाय द वे, गावरान असलं तरी हे काही फार पुरातन वगैरे नाही हं. टोमॅटो आणि ढोबळी मिरची दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, त्यामुळे सॉक्रेटिस-प्लेटो मंडळींनी जन्मात टोमॅटो बघितला नव्हता. ग्रीसमधे तो एकोणिसाव्या शतकात रुळला. अथेन्सच्या प्लाका भागात लिसिक्रातिसच्या स्मारकाला लागून कॅपुचिन साधूंचा मठ होता, तिथल्या बागेत १८१८ साली टोमॅटोची पहिली रोपं लागली असं सांगतात. त्याच्या सात-आठ वर्षं आधी त्याच मठात कवी बायरन मुक्कामाला होता, म्हणजे बिचाऱ्याचं सॅलड थोडक्यात हुकलं. आणि चीज वर ठेवण्याचीही एक गोष्ट आहे, तीही प्लाकातलीच, साठ-सत्तरच्या दशकातली म्हणून सांगतात. साध्या टोमॅटो-काकडीच्या सॅलडचा दर सरकारने बांधून दिलेला, तर तावेर्नावाल्यांनी, म्हणजे इथल्या खानावळवाल्यांनी, त्यावर चीजचा एक तुकडा ठेवला, झालं वेगळं सॅलड, आता दर आपला आपण ठरवा! मला ही गोष्ट फार आवडते, कारण टूरिस्टांच्या भागातल्या बिलाकडे बघताना ती हमखास आठवते.

असो. टोमॅटो.

टोमॅटो चांगला नसेल तर हे सॅलड करूच नका, दुसरं काहीतरी करा. मी हे नाटकीपणे म्हणत नाहीये, याया खरंच करत नाहीत. होरियातिकीचा सीझन जून ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरचे सुरुवातीचे दिवस. थंडीत त्यांच्याकडे कोबी-गाजराचं सॅलड असतं नाहीतर होर्ता, म्हणजे रानभाज्या उकडून वर तेल-लिंबू. एकदा जानेवारीत मी हौसेने सुपरमार्केटमधले फिकट टोमॅटो आणून होरियातिकी केली तर त्यांनी एक फोड खाल्ली आणि खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, बाहेर पाऊस पडतोय. म्हणजे काय ते समजून घ्या.

आम्ही राहतो एक्सार्हियामधे, इथे कालिद्रोमिऊ रस्त्यावर दर शनिवारी लाइकी भरते. लाइकी म्हणजे आठवडी बाजार, अथेन्समधे प्रत्येक भागात कुठल्या ना कुठल्या वारी एखादा रस्ता गाड्यांना बंद करून तिथे शेतकरी आणि भाजीवाले बसतात, आणि दुपारी दोनच्या सुमारास आवराआवर करताना भाव पडतात, ओरडाही वाढतो. टोमॅटोवाला विचारतो, सॅलडला की सॉसला? सॉसला असेल तर अगदी मऊ झालेले देतो, सॅलडला म्हटलं की पिकलेले पण घट्ट. मला लागतात ते थोडे वेडेवाकडे, खांद्यापाशी घड्या असलेले, हातात वजनदार, देठाशी नाक नेलं की वास येणारे. वास आला नाही तर चवही नाही. आणि घरी आणून फ्रिजमधे टाकू नका प्लीज! साधारण बारा डिग्रीच्या खाली टोमॅटो फार वेळ राहिला की त्याचा सुगंध तयार करणारी यंत्रणाच बंद पडते आणि बाहेर काढल्यावर ती पूर्णपणे परत येत नाही. ओट्यावर ठेवा, देठाची बाजू खाली करून, दोन दिवसांत संपवा.

आता चिरणं. यायांच्या घरी कटिंग बोर्ड आहे, पण तो कलिंगडासाठी. टोमॅटो त्या डाव्या हातात धरतात, उजव्या हातात छोटी सुरी, आणि थेट वाडग्यावर धरून मोठमोठ्या वाकड्यातिकड्या फोडी खाली पाडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला, आता बोट जातंय की मग जातंय. पण त्यातली खुबी अशी की चिरताना जो रस गळतो तो बोर्डवर पसरून सिंकमधे जात नाही, सगळा वाडग्यात पडतो. मी हातावर चिरत नाही, माझ्यात ती हिंमत नाही, पण बोर्डवर चिरून झालं की बोर्ड उचलून त्यावरचा रस आणि बिया सगळं वाडग्यात ओतते. फोडी मोठ्या, एका टोमॅटोच्या सहा-आठ. कोशिंबिरीसारखं बारीक चिरलंत तर दहा मिनिटांत सगळं पाणी-पाणी होतं आणि फोड म्हणून चावायला काही उरत नाही.

आणि मग लगेच मीठ. सगळं घालून शेवटी मीठ नाही, टोमॅटोवर आधी. चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने वरखाली करायचं आणि बाकीचं चिरेपर्यंत तसंच ठेवायचं, पाच-दहा मिनिटं. टोमॅटोला पाणी सुटतं. हे पाणी म्हणजे या सॅलडचं अर्धं ड्रेसिंग. उरलेलं अर्धं तेल. हे एवढं एक लक्षात आलं की बाकी सगळ्या गोष्टींची कारणं आपोआप कळतात, मधाची आणि मोहरीची बाटली का नको, लेट्यूस का नको, पाव का हवा. माझ्या पहिल्या सॅलडमधे मी टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकला होता, पाणी सुटू नये म्हणून!! यायांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

काकडीला ग्रीकमधे आंगुरी म्हणतात. लाइकीत पहिल्यांदा तो शब्द ऐकला आणि मी द्राक्षांच्या गाड्याकडे निघाले होते. काकडी साल काढून घ्या किंवा पट्टे-पट्टे राहतील अशी सोला, टोक चाखून कडू नाही ना बघा, आणि अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या करा, काकडी जाडजूड असेल तर आधी उभी दोन भागांत कापून. पातळ काप नकोत, कुरकुरीतपणा जातो. ढोबळी मिरची हिरवीच, इथे पातळ सालीची लांबट मिळते, तिच्या गोल चकत्या. लाल-पिवळी घालू नका असं मी म्हणणार नाही पण ती गोड असते, आणि टोमॅटो आधीच गोड असतो, मधे काहीतरी हिरवं, थोडं कडवट लागतंच. कांदा लाल, पातळ चकत्या. कांदा फार तिखट असेल तर पाच मिनिटं गार पाण्यात टाकून निथळून घ्या, उग्रपणा बराच उतरतो. यायांचा शॉर्टकट म्हणजे कांद्याला मीठ चोळून मुठीत एकदा दाबायचा, आणि तो रसही अर्थातच वाडग्यात.

ऑलिव्ह कालामाताचेच घ्या. पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या दक्षिणेला कालामाता शहर आहे त्यावरून नाव. बदामासारखे निमुळते, आणि रंग काळा नाही, वांगी किंवा जांभळट. कच्चा ऑलिव्ह झाडावरून तोडून खाल्लात तर तोंड वाकडं होईल इतका कडू असतो, म्हणून त्याला चीर देऊन मिठाच्या पाण्यात ठेवतात, कडूपणा उतरवतात आणि मग व्हिनेगर असलेल्या पाण्यात मुरवतात, त्यामुळे त्याची ती आंबट-खारट, थोडी वाइनसारखी चव येते. डब्यात जे एकसारखे काळेभोर, भोकवाले मिळतात ते बहुतेक वेळा हिरवे तोडून नंतर काळे केलेले असतात, रंग पक्का राहावा म्हणून लोहाचा क्षार घातलेला असतो, डब्यावर बारीक अक्षरात वाचा. चव विचाराल तर ओल्या खोडरबराची. बिया असलेलेच ऑलिव्ह घ्यायचे, बिया काढलेले मऊ पडतात, फक्त पाहुण्यांना आधी सांगा, एका मित्राची दाढ जाता जाता वाचली आहे.

केपर्स घालायचे का? बेटांवर घालतात. सायक्लेडीज बेटांवर, सांतोरिनी वगैरे, केपरची झुडपं दगडी भिंतींतून अक्षरशः उगवलेली असतात, कळ्या तर मुरवतातच पण पानंही मुरवून सॅलडमधे घालतात. याया मूळच्या इपिरसच्या डोंगराकडच्या, त्यामुळे त्यांच्या मते केपर ही बेटावाल्यांची फॅशन. मी घालते, एक चमचा, आधी धुऊन. त्यांना वेचून बाजूला ठेवू देते.

आता फेटा. मराठीत हे चीज फेटा म्हणून लिहिलं जातं आणि दर वेळी मला कोल्हापुरी फेटा बांधलेला टोमॅटो दिसतो, त्याला माझा इलाज नाही. ग्रीक उच्चार फेता, म्हणजे काप. आणि गंमत बघा, इथेही तो डोक्यावरच बसतो! कारण अस्सल होरियातिकीत फेटा मिसळत नाहीत, कुस्करत नाहीत, चौकोनी तुकडे तर नाहीच नाही. एक जाड चौकोनी लादी कापायची आणि सॅलडच्या वर जशीच्या तशी ठेवायची. (लादी शब्द मुद्दाम वापरला, कारण ग्रीकमधे लादी म्हणजे तेल आणि सुरुवातीला माझा यात प्रचंड गोंधळ व्हायचा.) टेबलावर आल्यावर ज्याने त्याने काट्याने आपापला तुकडा मोडून घ्यायचा. यामागे नुसता देखावा नाहीये. आधीच मिसळलात तर चीज विरघळून सगळा रस दुधाळ होतो, टोमॅटोचा लाल स्वच्छ रस राहत नाही, आणि प्रत्येक घास एकाच चवीचा होतो. लादी वर असली की एक घास नुसता टोमॅटो, एक घास खारट चीज, असं चालू राहतं.

आणि फेटा म्हणजे कुठलंही पांढरं चीज नाही, यावर अक्षरशः कोर्टकचेऱ्या झाल्यात. युरोपियन युनियनने हे नाव १९९६ साली ग्रीसला राखून दिलं, १९९९ मधे कोर्टाने ते रद्द केलं, २००२ मधे परत मिळालं, मग डेन्मार्क आणि जर्मनीने कोर्टात धाव घेतली, आणि २००५ मधे निकाल शेवटी ग्रीसच्या बाजूने लागला. डेन्मार्क गाईच्या दुधाचं पांढरं चीज फेटा म्हणून विकत होता, तेही कितीतरी वर्षं. तरी संपलं नाही, युरोपबाहेर पाठवताना डेन्मार्कचे लोक तेच नाव लावत होते म्हणून २०२२ मधे पुन्हा कोर्टाने कान उपटले. नियम असा आहे की दूध मेंढीचं, त्यात शेळीचं जास्तीत जास्त ३० टक्के, गाईचं अजिबात नाही, आणि किमान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरलेलं असलं पाहिजे. शिवाय दूध आणि चीज दोन्ही ग्रीसच्या मुख्य भूमीवरचं किंवा लेस्वोस बेटाकडचं. म्हणजे क्रीट बेटावर त्याच पद्धतीने केलं तरी त्याला फेटा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच क्रीटच्या आणि सायक्लेडीजच्या सॅलडवर तुम्हाला बऱ्याचदा वेगळं, मऊ आंबटसर चीज दिसेल, मिझिथ्रा नाहीतर क्सिनोमिझिथ्रा. तेही भारी लागतं.

चीजच्या दुकानात पिंपातला फेटा मागा, व्हारेलिसिया म्हणतात, तो जास्त तिखट आणि करकरीत असतो. आणि त्याचं मिठाचं पाणी थोडं मागून घ्या, दुकानदार देतात, घरी त्यातच बुडवून ठेवायचा, म्हणजे कोरडा पडत नाही. किलोला दहा युरोच्या पुढेच जातो आजकाल, त्यामुळे यायांच्या दृष्टीने लादी किती जाड ठेवली यावरून घरच्या बाईचा स्वभाव कळतो. फारच खारट निघाला तर पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात ठेवून काढा. ग्रीसबाहेर असाल आणि खरा फेटा नाहीच मिळाला तर मिठाच्या पाण्यात ठेवलेलं मेंढीच्या दुधाचं कुठलंही पांढरं चीज चालेल, गाईच्या दुधाचं घेतलंत तर सॅलड होईल, खाल्लंही जाईल, पण तो जिभेच्या कडेला लागणारा आंबट चटका येणार नाही.

ओरेगानो, ग्रीकमधे रीगानी. ताजी पानं नाही, वाळलेलीच. हा एकमेव पदार्थ असेल जिथे वाळलेलं ताज्यापेक्षा बरं. इथे फुलांसकट वाळवलेल्या जुड्या मिळतात, कागदात गुंडाळून टांगून ठेवतात, आणि सॅलडवर धरून दोन तळहातांमधे चोळतात. चोळल्याशिवाय वास उठत नाही. बरणीतला असेल तरी बोटांनी चुरडून घाला, आणि फेट्याच्या लादीवर जास्त, तिथे तो चिकटून राहतो आणि वरून तेल पडलं की त्याला रंग सुटतो.

तेल. इथे बहुतेक लोक हात आखडतात, मीही आखडायचे. दोन चमचे घालून मी थांबले की याया बाटलीचं बूड धरून वर ढकलायच्या, अजून, अजून, कोरीत्सी मू, म्हणजे माझ्या पोरी. एक्स्ट्रा व्हर्जिन हवं, आणि त्याला घशात हलकासा ठसका असला पाहिजे, पेलोपोनीस आणि क्रीटमधल्या छोट्या कोरोनेइकी ऑलिव्हच्या तेलाला तो छान असतो. जुनं, वास गेलेलं तेल असेल तर मात्र सगळं मुसळ केरात, कारण ते लपवायला इथे दुसरं काहीच नाही. रेस्टॉरंटमधे तर २०१८ पासून टेबलावर परत भरता न येणाऱ्या सीलबंद बाटल्याच ठेवायचा नियम आहे, आत काय ओतलंय ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून.

व्हिनेगरवरून घराघरात वाद आहेत. यायांच्या मते टोमॅटो चांगला असेल तर नको आणि चांगला नसेल तर सॅलडच नको, विषय संपला. त्यांचे यजमान मात्र रेड वाइन व्हिनेगर एक चमचा घालायचे, आणि तेव्हापासून टेबलावर व्हिनेगरची बाटली वेगळी असते, ते नसले तरी ती आहे. मी कांद्यावर अर्धा चमचा शिंपडते. लिंबू घालत नाही, लिंबू त्या उकडलेल्या रानभाज्यांवर आणि मासळीवर.

प्रमाण विचारणाऱ्यांसाठी: तीन-चार जणांना मध्यम आकाराचे चार टोमॅटो, म्हणजे सहाशे ग्रॅम धरा, एक मोठी काकडी, एक हिरवी ढोबळी मिरची, एक छोटा कांदा, बारा-पंधरा ऑलिव्ह, दीडशे ते दोनशे ग्रॅमची फेट्याची एक लादी, रीगानी एक छोटा चमचा आणि तेल पाच-सहा मोठे चमचे. दचकू नका. मीठ अंदाजाने, पण जपून, फेटा आणि ऑलिव्ह दोन्ही खारट आहेत, फेट्याच्या लादीवर तर मीठ अजिबात नाही. क्रम म्हणजे टोमॅटो आणि मीठ, मग काकडी, कांदा, मिरची, निम्मं तेल आणि एकदाच हलक्या हाताने वरखाली, मग ऑलिव्ह, केपर्स, वर लादी, रीगानी, उरलेलं तेल. वाडगा पसरट आणि उथळ घ्या, उंच भांड्यात खालच्या फोडी वरच्यांच्या वजनाने चेपतात. आणि करून फ्रिजमधे ठेवू नका, लगेच टेबलावर.

मधल्या काळात बाहेर भरपूर होरियातिकी खाल्ली, चांगली आणि वाईट दोन्ही. अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी एका ठिकाणी (नाव नाही सांगत) जी आली तिच्यात मका होता. मका! वर गोडसर काळं बाल्सॅमिक व्हिनेगर, आणि फेटा किसलेला. वेटरला विचारलं तर म्हणाला, टूरिस्टना असं आवडतं. बल्गेरियात किसलेल्या चीजची शोप्स्का सालाता असते, तिच्यात टोमॅटो-काकडीच असते आणि ती आपल्या जागी मस्तच आहे, पण मग तिला तिच्या नावाने हाक मारा नं. अमेरिकेत फ्लोरिडामधे टार्पन स्प्रिंग्स म्हणून गाव आहे, ग्रीक बेटांवरचे स्पंज काढणारे पाणबुडे तिथे जाऊन स्थायिक झाले, तिथल्या ग्रीक सॅलडच्या पोटात चक्क बटाट्याचं सॅलड दडवलेलं असतं. हे ऐकून याया पाच मिनिटं हसत होत्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, तिकडे गेलेल्या माणसांना भूक लागली असेल.

क्रीटमधे हेच सगळं दुसऱ्या टोकाने करतात. दाकोस म्हणजे जवाच्या पिठाचा दगडासारखा टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, वर मऊ मिझिथ्रा, तेल, रीगानी. टोस्टच रस पिऊन टाकतो, बुडवायची भानगड नाही. ज्या दिवशी चिरायचा कंटाळा येतो त्या दिवशी मी हे करते.

कारण होरियातिकीत शेवटी जे बुडवणं असतं त्याला शब्द आहे, पापारा. सॅलड संपतं आणि तळाशी राहतं ते टोमॅटोचं पाणी, तेल, फेट्याचा चुरा, कांद्याचा उग्रपणा, दोन-चार बिया आणि रीगानी. पावाचा तुकडा हाताने तोडायचा, मऊ भाग खाली करून त्यात दाबायचा, दोन सेकंद थांबायचं आणि थेंब गळायच्या आत तोंडात. काटा-चमचा नाही. पाव जाड सालीचा, आतून घट्ट, आदल्या दिवशीचा असेल तर उत्तम. चारचौघांत हॉटेलात हे करताना काही लोक लाजतात, घरी कोणी लाजत नाही, उलट शेवटच्या पापारावरून भांडणं होतात. आमच्या घरी वाडगा तिरका धरून कोपऱ्यातला रस कोणाचा यावर गेल्या ऑगस्टमधे खरोखर अबोला झाला होता, पंधरा मिनिटांचा, पण झाला.

गेल्या उन्हाळ्यात यायांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना उभं राहून काही करता येत नव्हतं, तेव्हा मी रोज दुपारी खाली जाऊन होरियातिकी करायचे. त्या खुर्चीत बसून बघत. पहिल्या दिवशी मी बोर्ड काढला तर काही बोलल्या नाहीत, फक्त रस वाडग्यात ओतते की नाही तेवढं मान उंचावून बघितलं. मीठ, कांदा, मिरची, लादी, रीगानी चोळली, तेल घातलं. वाडगा पुढे ठेवला. त्यांनी आधी काटा घेतलाच नाही, पावाचा तुकडा तोडला, टोमॅटो बाजूला सारून थेट तळाशी घातला आणि खाल्ला. मग म्हणाल्या, या स्ता हेर्या सू, म्हणजे तुझ्या हातांना आरोग्य लाभो, चांगलं काही खाल्लं की करणाऱ्याला इथे असं म्हणतात. मी खूश होऊन समोर बसले, तर त्यांनी बाटली ओढून घेतली आणि वर अजून तेल ओतलं.